पडद्याचा हिशेब

जुन्या भांड्याला कल्हई केल्यानें तें नवें होत नाहीं, परंतु पुन्हां वापरण्याजोगें होतें; आणि कल्हई खरी कीं वरवरची हें पारखण्याची दृष्टि पूर्वीं घरोघरच्या स्त्रियांना असे. टीव्हीच्या पडद्यावर खेळावयाच्या खेळांनाही हल्लीं अशीच कल्हई होऊं लागली आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीं गाजलेला खेळ नव्या यंत्रासाठीं सजवून पुन्हां बाजारांत येतो, आणि त्याच्या वेष्टनावर '४के', '६० एफपीएस', '१२० एफपीएस', 'एचडीआर' अशीं अक्षरें झळकतात. मुलांना तीं मंत्रासारखीं पाठ असतात, वडील माणसांना त्यांतलें एकही उमगत नाहीं, आणि पैसे मात्र वडिलांच्या खिशांतून जातात. म्हणून या अक्षरांचा अर्थ काय, त्यांत खरें किती, आणि तें घरच्या पडद्यावर उतरावें यासाठीं काय करावें लागतें, याचा हिशेब एकदां नीट मांडलेला बरा.

सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेल्या जळगांव जामोदसारख्या तालुक्याच्या गांवीं तर हा हिशेब अधिक निकडीचा आहे. मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला मोठ्या दुकानांत जाऊन दोन पडदे शेजारीं शेजारीं लावून पाहतां येतात. येथील गृहस्थाला बहुधा वेष्टनावरच्या अक्षरांवर आणि विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावें लागतें. आणि कापसाच्या किंवा सोयाबीनच्या पैशांतून एकदां घरीं आणलेला टीव्ही पसंत नाहीं म्हणून परत पाठविणें सोपें नसतें. मुलगा म्हणतो, "बाबा, नवा खेळ आणला, पण चित्र अडखळतें, आतां नवा टीव्हीच पाहिजे." वडिलांनीं होकार द्यावा कीं नकार द्यावा? रागानें दिलेला नकार आणि कौतुकानें दिलेला होकार हे दोन्ही सारखेच आंधळे ठरण्याचा संभव आहे. दोष टीव्हीचा, यंत्राचा, खेळाचा कीं केवळ एका कळीचा, हें आधीं ठरविलें पाहिजे.

प्रथम रेझोल्यूशन घेऊं. टीव्हीचा पडदा म्हणजे बारीक चौकोनी ठिपक्यांची चौकट होय. या ठिपक्यास पिक्सेल म्हणतात. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या स्त्रीला यांतलें मर्म सांगावयास नको. ठिपके थोडे आणि दूर दूर असले कीं पाकळीचा बांक ओबडधोबड येतो. ते जवळ जवळ आणि पुष्कळ असले कीं तोच बांक सुबक दिसतो. १९९० नंतरच्या दशकांत आपल्याकडे घरोघरीं आलेल्या कॅसेटच्या व्हिडिओ गेमांचें चित्र २५६ आडव्या आणि २४० उभ्या ठिपक्यांचें असे, म्हणजे एकंदर ठिपके ६१,४४०. हल्लीं 'फुल एचडी' म्हणतात त्या चित्रांत १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. आणि '४के' चित्रांत ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे ८२,९४,४००. म्हणजे ४के चित्र हें फुल एचडीच्या बरोबर चौपट आहे. हे सारे ठिपके यंत्राला एकदां नव्हे, तर प्रत्येक चित्रासाठीं नव्यानें रंगवावे लागतात, ही गोष्ट पुढील हिशेबासाठीं ध्यानांत ठेवावी.

आतां फ्रेम रेट, म्हणजे एका सेकंदांत दाखविलेल्या चित्रांची संख्या. ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाहीं. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ सालीं 'शांभरिक खरोलिका' या नांवाचे खेळ सुरू केले. कांचेवर हातानें रंगविलेलीं चित्रें दिव्याच्या प्रकाशानें पडद्यावर पाडावयाचीं आणि तीं एकामागून एक बदलून पात्रें हालल्याचा भास उत्पन्न करावयाचा, असा तो प्रकार होता. पुढें दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं विलायतेहून कॅमेरा आणला. वाटाण्याच्या रोपाचीं ठराविक अंतरानें एकेक चित्रें घेऊन तें भराभर वाढत असल्याचें पडद्यावर दाखविलें. आणि ३ मे १९१३ रोजीं मुंबईस 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें ठेविला. त्या मूकपटांच्या काळीं कॅमेऱ्याचा दांडा हातानें फिरवावा लागे आणि सेकंदाला सामान्यतः सोळा ते वीस चित्रें पडत. बोलपट आल्यावर ध्वनीसाठीं पट्टी एकाच गतीनें सरकणें अवश्य झालें, आणि सेकंदाला २४ चित्रें हा दंडक ठरला.

येथें कोणीही विचारील कीं, सिनेमाला २४ चित्रें पुरतात, तर खेळाला ६० किंवा १२० कशाला? याचीं कारणें दोन आहेत. पहिलें असें कीं, कॅमेऱ्याचें भिंग क्षणभर उघडें राहतें, त्यामुळें धांवत्या घोड्याचा पाय चित्रांत किंचित् फांकलेला उमटतो आणि डोळा एका चित्रावरून दुसऱ्यावर घसरत जातो. खेळाचें यंत्र मात्र प्रत्येक चित्र कोरीव, जणूं थिजलेलें काढतें. म्हणून दोन चित्रांमधली फट डोळ्याला जाणवते. ही उणीव झांकण्यासाठीं पुष्कळ खेळांत कृत्रिम फांकटपणा घालतात, तरी ती पुरती झांकत नाहीं. दुसरें कारण त्याहून महत्त्वाचें आहे. सिनेमाचा प्रेक्षक नुसता पाहतो. खेळणारा पाहून करतो. सेकंदाला ३० चित्रें असलीं तर एक चित्र ३३.३ मिलिसेकंद टिकतें, ६० असलीं तर १६.७, आणि १२० असलीं तर ८.३. कळ दाबल्यापासून तिचा परिणाम दिसेपर्यंत असे दोन-तीन थांबे लागतात. थांबे आंखूड असले कीं हात आणि पडदा यांचें सूत जुळतें. लांब असले कीं पात्र चिखलांतून चालल्यासारखें वाटतें.

आतां मूळ हिशेब. यंत्राची शक्ति ठरलेली असते. ४के चित्र सेकंदाला ३० वेळां काढावयाचें तर २४,८८,३२,००० ठिपके रंगवावे लागतात. फुल एचडी चित्र सेकंदाला १२० वेळां काढावयाचें तरी तितकेच, बरोबर २४,८८,३२,००० ठिपके लागतात. एकाच पगारांत घराला रंगही द्यावयाचा आणि लग्नही करावयाचें म्हटलें कीं जशी ओढाताण होते, तशीच ही होय. स्वच्छता घ्यावी तर चापल्य कमी पडतें, आणि चापल्य घ्यावें तर स्वच्छता. प्रत्यक्ष व्यवहार याहूनही गुंतागुंतीचा असतो. कारण पात्रांच्या हालचाली, पडझड, सावल्या यांचें गणित निराळें करावें लागतें, आणि तें केवळ ठिपके कमी केल्यानें हलकें होत नाहीं. तरी मुख्य सूत्र हेंच.

या सूत्रामुळेंच सुधारलेल्या खेळांत निवडीची कळ आली. 'द लास्ट ऑफ अस' हा खेळ २०१३ सालीं प्लेस्टेशन ३ या यंत्रावर १,२८० गुणिले ७२० ठिपक्यांनीं आणि सेकंदाला सुमारें ३० चित्रांच्या गतीनें चाले. २०१४ सालीं तो प्लेस्टेशन ४ साठीं पुन्हां काढला तेव्हां फुल एचडी आणि ६० चित्रें अशी बढती मिळाली. शिवाय, गति ३०वर आणून सावल्या अधिक रेखीव घ्यावयाच्या असतील तर तशीही सोय ठेविली. 'मेट्रॉइड प्राइम ४' हा खेळ डिसेंबर २०२५ मध्यें निघाला. निन्टेंडो स्विच २ साठीं असलेल्या त्याच्या वाढीव आवृत्तींत टीव्हीवर खेळतांना ४के व ६० चित्रें, किंवा फुल एचडी व १२० चित्रें, असे दोन मार्ग दिलेले आहेत. 'किंवा' हा शब्द येथें फार मोलाचा आहे. जाहिरातींत '४के' आणि '१२०' हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं छापलेले असले, तरी ते एकाच वेळीं मिळतात असा त्याचा अर्थ नव्हे. तसेंच आंकड्याच्या आधीं 'कमाल' किंवा मागें 'पर्यंत' हा लहानसा शब्द असेल, तर तोही वाचण्याची संवय ठेवावी. संवत्सरफलांतला पाऊस आणि शेतांत पडलेला पाऊस यांत जो फरक, तोच येथेंही असूं शकतो.

४के या शब्दांतही एक खोंच आहे. शाळेंत वहींतला लहान नकाशा चौकटी आंखून मोठ्या तक्त्यावर उतरवितात. किनाऱ्याची रेघ मोठी होते, पण वहींत नसलेली खाडी तक्त्यावर येत नाहीं. आली तर ती काढणाऱ्याच्या अंदाजानें येते. नवीं यंत्रें नेमकें हेंच करतात. थोडे ठिपके खरे रंगवावयाचे आणि उरलेले, मागल्या चित्रांचा आधार घेऊन, अंदाजानें भरावयाचे. हा अंदाज हल्लीं इतका निपुण झाला आहे कीं स्थिर दृश्यांत तो ओळखूं येत नाहीं. मात्र पावसाच्या सरी, गवत, तारेचें कुंपण, केसांच्या बटा अशा बारीक वस्तु वेगानें हालल्या म्हणजे तेथें कंप किंवा धूसरपणा दिसतो. ही फसवणूक नव्हे, काटकसर आहे. पण तिला फसवणूक वाटूं नये यासाठीं गिऱ्हाइकाला ती ठाऊक असली पाहिजे.

गति वाढविली म्हणजे सारें सुधारलेंच, असेंही नाहीं. सोळा चित्रांच्या गतीनें टिपलेला मूकपट २४च्या गतीनें दाखविला कीं माणसें दुडदुड धांवतात, हें अनेकांनीं पाहिलेलें असेल. खेळांतही असे प्रसंग घडले आहेत. भारत आणि युरोपांतील बरेचसे देश यांच्या जुन्या टीव्हींत सेकंदाला ५० अर्धचित्रें दाखविण्याचा दंडक होता, तर जपान-अमेरिकेंत सुमारें ६० चा. त्यामुळें जपानांत रचलेले कित्येक खेळ युरोपांत एकषष्ठांशानें मंद चालत आणि त्यांचें संगीतही संथ होई. याच्या उलट, 'डार्क सोल्स २' या खेळांत शस्त्राची झीज चित्रसंख्येला बांधलेली होती. ३० ऐवजीं ६० चित्रें झालीं तेव्हां तरवार दुप्पट वेगानें झिजूं लागली, आणि तो दोष २०१५ सालीं दुरुस्त करावा लागला. तात्पर्य, जुन्या खेळाची सुधारणा म्हणजे केवळ आंकडा बदलणें नव्हे. त्याच्या आंतलें घड्याळही पुन्हां लावावें लागतें. ज्यांनीं हें काम मनापासून केलें असेल, त्यांच्या खेळाला पैसे द्यावेत.

असें मनापासून केलेलें काम महाराष्ट्रांतही झालें आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेनें रचलेला 'राजी: अ‍ॅन एन्शन्ट एपिक' हा खेळ ऑगस्ट २०२० मध्यें प्रथम निन्टेंडो स्विच या यंत्रावर आला, आणि ऑक्टोबरांत इतर यंत्रांवर. राजी ही डोंबाऱ्याप्रमाणें कसरती करणारी मुलगी. असुरांनीं पळविलेल्या आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, सोडविण्यासाठीं ती निघते. राजस्थानी धाटणीचे वाडे आणि कथेसाठीं वापरलेल्या छायाबाहुल्या हा या खेळाचा अलंकार होय. स्विचच्या हातांतल्या पडद्यावर एकंदर १,२८० गुणिले ७२० ठिपके. चित्रकारानें रंगविलेली भिंतीवरची वेलबुट्टी एवढ्या चौकटींत बसवितांना काय राखावें आणि काय सोडावें, हा प्रश्न तेथें पदोपदीं उभा राहतो. २०२२ सालीं या खेळाची सुधारलेली आवृत्ति निघाली. तींत प्रकाशयोजना नव्यानें केली आणि पात्रांना हिंदी वाणी दिली. ठिपक्यांच्या आंकड्यापेक्षां या दोन गोष्टींनीं खेळणाऱ्या भारतीय मुलाला अधिक मिळालें, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होणार नाहीं. खऱ्या सुधारणेचें माप केवळ आंकड्यांत नसतें, तें असें.

यंत्राची बाजू झाली, आतां दिवाणखान्याची. जळगांव जामोदहून सातपुड्याचा डोंगर दिसतो, पण डोंगरावरच्या झाडाचीं पानें दिसत नाहींत. अंतर वाढलें कीं बारीक भेद डोळ्याला दिसेनासे होतात. निरोगी डोळा साधारणपणें एका अंशाच्या साठाव्या भागाइतका भेद ओळखतो. ४३ इंची टीव्हीची रुंदी सुमारें ९५ सेंटिमीटर असते. तींत फुल एचडीचा एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा पडतो. हा ठिपका सुमारें १.७ मीटर, म्हणजे साडेपांच फुटांपलीकडून वेगळा दिसत नाहीं. ज्या घरांत असा टीव्ही समोरच्या भिंतीवर आणि बसण्याची जागा आठ-दहा फुटांवर आहे, त्या घरीं फुल एचडी आणि ४के यांतला फरक बहुतेकांना जाणवणार नाहीं; ३० आणि ६० चित्रांतला फरक मात्र पहिल्याच मिनिटांत जाणवेल. तेथें खेळांतली 'परफॉर्मन्स' ही निवड घ्यावी आणि 'क्वालिटी' किंवा 'रेझोल्यूशन' ही सोडावी. पडदा मोठा आणि बैठक जवळ असेल, आणि खेळ संथ, निसर्ग पाहत फिरण्याचा असेल, तर उलट निवडही योग्य ठरेल.

पडद्याची गतिही पाहिली पाहिजे. सामान्य टीव्ही सेकंदाला ६० वेळां चित्र बदलतो. ही संख्या हर्ट्झमध्यें सांगतात. अशा टीव्हीवर १२० चित्रांचा खेळ चालविला तरी साठच दिसणार. ३० चित्रांचा खेळ साठांत दोनाच्या भागानें नीट बसतो; पण ४० चित्रांचा बसत नाहीं. एक चित्र एकदां, दुसरें दोनदां, अशी लंगडी चाल होते. १२० हर्ट्झच्या पडद्यावर तोच खेळ तिनाच्या भागानें बरोबर बसतो. 'रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट' या खेळाला २०२१ सालीं ४० चित्रांची जी सोय दिली, ती १२० हर्ट्झच्या पडद्यासाठींच होती. एका चित्राला २५ मिलिसेकंद, म्हणजे ३० आणि ६० यांच्या काळांचा अगदीं मध्य. आणखी एक सोय 'व्हीआरआर' या नांवानें मिळते. तींत पडदाच यंत्राची वाट पाहतो आणि चित्र तयार झालें कीं दाखवितो.

सर्वांत उपेक्षित, आणि फुकट मिळणारी, सुधारणा म्हणजे टीव्हीचा 'गेम मोड'. टीव्ही आलेलें चित्र जसेंच्या तसें दाखवीत नाहीं; तो तें घोटून, उजळून, मधलीं चित्रें स्वतःच रचून मग पुढें करतो. सिनेमा पाहतांना या सोपस्कारांचा उशीर कळत नाहीं. खेळांत मात्र तो घातक ठरतो. कांहीं टीव्हींत हा उशीर एक दशांश सेकंदापर्यंत जातो; म्हणजे ६०च्या गतीचीं सहा चित्रें. मूल वेळेवर उडी मारतें, आणि पात्र खड्ड्यांत पडतें. थोरलीं भावंडें हंसतात, वडील "लक्ष नाहीं तुझें" म्हणतात, आणि मुलालाही हळूहळू आपला हात मंद आहे असें वाटूं लागतें. दोष हाताचा नसतो, एका कळीचा असतो. ज्या टीव्हीच्या मांडणींत 'गेम मोड' आहे, तेथें ती कळ दाबून मग मुलाची परीक्षा घ्यावी.

त्याच बैठकींत आणखी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, वायर कोणत्या भोकांत लावली आहे. ४के व १२० हर्ट्झ या जोडीला एचडीएमआय २.१ लागतें, आणि पुष्कळ टीव्हींत असें भोक एक किंवा दोनच असतात. शिवाय त्याची पूर्ण शक्ति टीव्हीच्या मांडणींत जाऊन उघडावी लागते. दुसरी, चित्राच्या कडा कापल्या जातात काय. जुन्या संवयीनें कांहीं टीव्ही चित्र थोडें ताणून कडा बाहेर ढकलतात. मग ठिपक्याला ठिपका जुळत नाहीं आणि कोपऱ्यांतले आंकडे नाहींसे होतात. तिसरी, एचडीआर. उजेड आणि अंधार यांमधला पल्ला वाढविणारी ही युक्ति खरोखर सुंदर आहे. परंतु स्वस्त टीव्ही ती स्वीकारतात आणि पुरेसा उजेड मात्र देऊं शकत नाहींत. तेथें चित्र खुलण्याऐवजीं काळवंडतें. अशा टीव्हीवर ती बंद ठेवण्यांत कमीपणा नाहीं.

हें सर्व तपासून झाल्यावर घरांतल्या घरांत एक परीक्षा घ्यावी. खेळांतलें एकच दृश्य दहा मिनिटें एका निवडीनें आणि दहा मिनिटें दुसऱ्या निवडीनें खेळावें. कोणती निवड चालू आहे हें खेळणाऱ्याला सांगूं नये. मग त्याला विचारावें, तुला कोणती बरी वाटली? उत्तर आलें तर त्या घरापुरता निकाल लागला. फरकच कळला नाहीं, तर नव्या टीव्हीचा बेत पुढें ढकलावा. तो पैसा वांचला असें समजावें. आणि फरक स्पष्ट कळला, मांडणी सारी बरोबर आहे, तरीही चित्र अडखळतें, असें ठरलें, तर मुलाची मागणी हट्ट नसून न्याय्य आहे हें वडिलांनीं मोकळ्या मनानें मान्य करावें.

वडिलांना आंकडे वाचतां येतात, मुलाला खेळ कळतो. दोघांनीं मिळून अर्धा तास पडद्यासमोर बसण्याला कांहीं मोल पडत नाहीं. यंत्राची शक्ति कारखान्यांत ठरते, पण ती स्वच्छतेवर खर्चावी कीं चापल्यावर, हें ठरविण्याचा अधिकार खेळणाऱ्याच्या घराचा आहे. तो वेष्टनाला देऊं नये.